तळाची ओळ

४ मार्च

काका,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण मी ट्रंकेवर बसून लिहितेय आणि समोर आडवं पडायला जागाच नाही. मनातल्या मनात घातला असं समजा.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ठेवू का?" याच्या पलीकडे जात नाही. शिवाय आमच्याकडे फोनवर बोलणं म्हणजे दवंडी पिटणं. पुढे चष्म्याचं दुकान, मागे आम्ही, मध्ये एक प्लायवूड. मी मागे शिंकले की पुढून गिऱ्हाईक ओरडतं, "औषध घ्या हो!"

तर बातमी अशी की तुमची पुतणी आता डोळे तपासणारी झाली, सहीशिक्क्यासकट. आणि तुमच्या शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलाने मला नोकरी देऊ केलीय. हो की नाही ते लेखी कळवायचं आणि ते एकतीस मार्चच्या आत तिथे पोचायला हवं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

काका, ते पत्र आल्यापासून माझं काही म्हणून ठरत नाही. सकाळी दात घासताना मी जाते. चहा होईपर्यंत राहते. दुपारी पुन्हा जाते. काल तर मी एका आजींना "डावीकडे बघा" म्हणायच्या ऐवजी "जाऊ की नको?" म्हणाले. त्या म्हणाल्या, "कुठे गं?"

आईला विचारलं तर ती म्हणते, "तुझं तू बघ," आणि स्क्रू आवळायला लागते. हो, फ्रेमचे बारीक स्क्रू हल्ली आईच बसवते. बाबांना पाठीमुळे वाकवत नाही म्हणे. आणि बाबा? मी वाक्य पुरं करायच्या आत "जा! विचारतेस काय?" इतक्या पटकन म्हणाले की मला रागच आला. एकुलती एक मुलगी निघाली तर माणसाने निदान एक घोट चहा तरी घ्यावा मध्ये.

मला त्यांची काळजी वाटते. काय ते नेमकं सांगता येत नाही, पण घरात काहीतरी हललेलं आहे. म्हणून परवा त्यांना खुर्चीत बसवलं. तुम्हाला आमची पद्धत माहीत आहे ना? कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक सुट्टीत घरी आले की बॅग टाकायची, बाबांना भिंतीसमोर बसवायचं आणि तक्ता वाचून घ्यायचा. यंत्राने बघू देत नाहीत, "कॉलेजातलं कॉलेजात" म्हणतात. पण तक्ता? एक डोळा झाकून, मग दुसरा, तळाच्या ओळीपर्यंत घडाघडा! डोळे तर ठणठणीत आहेत.

मग मी कशाला घाबरते? शहराला? तुमच्या चार जिन्यांना? तुम्ही सत्तावीस वर्षांपूर्वी हेच केलंत. खरं सांगा, येऊ का?

तुमची भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

पत्र खालच्या पेटीत दोन दिवस पडून होतं, कारण चार मजले चढायला पोस्टमन तयार नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहतो कुठे, तर जिला लिफ्टच नाही अशा इमारतीत. हसू नकोस.

शहराचं विचारतेस. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, पुढची तुझी. तिला खिडकी आहे, खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत आहे. पहाटे पाचला पाणी येतं तेव्हा पाइप असा ठणठणतो की माणूस बिछान्यात उठून बसतो. पंधरा दिवसांत सवय होते. हॉस्पिटल दोन बस बदलून. लोक वाईट नाहीत. इथे कुणी कुणाला त्रास देत नाही, कारण कुणी कुणाकडे बघतच नाही. पहिलं वर्ष मी दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उभा राहून स्वतःशी बोलायचो. साहेब वरून ओरडायचे, "खाली कोण आहे रे दुसरं?" मी म्हणायचो, "कुणी नाही."

ये म्हणू की नको, ते आत्ता सांगत नाही. आधी एक जुनी गंमत सांगतो.

दादाने तळाची ओळ घडाघडा वाचली म्हणतेस. तो तक्ता तुझ्या आजोबांनी लावलेला. आम्ही दोघं शाळेतून आलो की काउंटरमागे बसून अभ्यास करायचो आणि समोर गिऱ्हाइकं एकामागून एक तोच तक्ता वाचायची. पाढे काही पाठ झाले नाहीत, तक्ता झाला. दुकान कुणी झाडायचं यावर पैज असायची. डोळे मिटून तळाची ओळ उलटी म्हणायची, अडखळेल त्याने झाडू घ्यायचा. ग ल न ट प र स. उलटी, स र प ट न ल ग. बघ, मला अजून येते. दादा तर कधी म्हणजे कधी अडखळला नाही. सगळी वर्षं दुकान मीच झाडलं.

विचार त्याला, अजून येते का. आणि हे पत्र सावकाश वाच.

काका


१३ मार्च

काका,

धन्य आहात! मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय, आणि तुम्ही मला झाडूच्या गोष्टी सांगताय. "येऊ का?" याचं उत्तर "स र प ट न ल ग" असतं का?

तरी बाबांना सांगितलं. आधी खूप हसले, जरा जास्तच हसले. मग विचारलं, "अजून काय लिहिलंय त्याने?" मी म्हटलं, पाइप ठणठणतो. पाच मिनिटांनी परत, "अजून काही?" जेवताना तिसऱ्यांदा. तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? तसं असेल तर मी येऊन तुमच्या घरी राहायचं कसं?

इथलं लक्षण ठीक नाही. मंगळवारी शाळेतल्या बाई नवा चष्मा घेऊन परत आल्या. घातला की जिना पुढे सरकल्यासारखा वाटतो म्हणाल्या. बघते तर डाव्याची काच उजवीकडे, उजव्याची डावीकडे. आमच्या दुकानात! आजोबांपासून असं झालेलं नाही. आई पटकन म्हणाली, "माझंच चुकलं." पण काचा आई कधी बसवत नाही, ती फक्त स्क्रू लावते. बाबा आत निघून गेले. बाई पायरी चुकून पडल्या असत्या तर?

आणि काल मला हाक मारून म्हणाले, "घे, काकाचं पत्र आलं," आणि हातात दिलं विजेचं बिल. मी म्हटलं, "बाबा, अहो हे बिल!" तर म्हणतात, "थट्टा केली." असली थट्टा ते करत नाहीत. हल्ली बोलतानाही माझ्याकडे सरळ बघत नाहीत, मान जरा वळवून कानाशी बघतात. मान आखडलीय म्हणे.

मला कळतंय हो काय चाललंय. तोंडाने "जा जा" करतात, पण आतून खचलेत. माझ्यामुळे त्यांचं कामात लक्ष नाही. मी जायच्या आधीच ही गत, तर गेल्यावर काय होईल? नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. अजून टाकलं नाही. तुम्ही एकदा "नको" म्हणा, म्हणजे टाकते.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

नाही म्हणणार. हो पण नाही म्हणणार. ते पत्र पोस्टात टाकू नकोस, एवढंच सांगतो.

तू विद्यापीठात पहिली आलीस ना? मग एका लिफ्टवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर दे. खुर्चीत बसलेला माणूस तक्ता वाचतोय की म्हणतोय, हे तपासणाऱ्याला कसं कळतं?

माझं नऊ तारखेचं पत्र परत काढ. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. का, ते विचारू नकोस.

काका


२१ मार्च

काका,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

तुमचं पत्र मी कपडे वाळत घालताना वाचलं. वाचलं आणि ओली चादर तशीच टाकून तुमचं नऊ तारखेचं पत्र काढायला आत धावले.

मग मी नवा तक्ता केला. तसाच पुठ्ठा, तीच शाई, पट्टीने मोजून, अक्षरांची उंची तंतोतंत तीच. फक्त अक्षरं वेगळी. काल दुपारी दुकान जेवणासाठी बंद होतं तेव्हा जुना उतरवून त्याच खिळ्याला नवा लावला. बाबांना म्हटलं, "बसा बरं जरा." ते म्हणाले, "परत? परवा तर झालं." मी म्हटलं, "सराव हवाय." खोटं बोलताना माझा आवाज चिरकला, पण त्यांनी ओळखलं नाही. की ओळखलं, कोण जाणे.

बसले. डावा डोळा तळहाताने झाकला. आणि सुरू केलं. जुना तक्ता, काका. वरपासून. भिंतीवर जे नव्हतंच ते वाचत होते. बरं, नुसतं म्हणत नाहीत. मध्येच डोळे बारीक करतात, "थांब हं... र. र आहे ना?" असं करतात, खरं वाटावं म्हणून! तळाच्या ओळीला तर जरा पुढे झुकले. ग ल न ट प र स. भिंतीवर होतं, म ख द य ब घ च.

मी थांबवलं नाही. मला थांबवताच आलं नाही. दुसरा डोळा झाकला, परत सगळं पहिल्यापासून. मी तक्त्याशी छडी धरून उभी, छडी एका अक्षरावर, बाबा दुसऱ्यावर. आई चहा घेऊन प्लायवूडच्या दारात आली. तिने भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कप स्टुलावर ठेवले आणि आत गेली.

बाबांनी विचारलं, "काय, किती?"

मी म्हटलं, "सगळं बरोबर, बाबा. सहाला सहा."

पाच वर्षं. दहा सुट्ट्या. दहा वेळा माझ्या वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, वडील, दोन्ही डोळे उत्तम. मान वळवून बघणं, आवाजावरून माणूस ओळखणं, हे सगळं मी पुस्तकात शिकलेय. परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क आहेत मला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडेचं दिसतं, म्हणून माणूस बाजूने बघतो. अनोळखी माणसाच्या बाबतीत मी दारातून ओळखलं असतं. घरात मला मान आखडलेली दिसली!

आणि तुम्हाला माहीत होतं. किती दिवसांपासून? आणि तुम्ही मला कोडी घालत बसलात? आई तुमच्यात सामील, बाबा तर आहेतच. सगळ्यांनी मिळून मला एकटीला बाहेर ठेवलं. मी फार चिडलेय. लवकर लिहा.


२४ मार्च

भिंगरे,

खाली सही केली नाहीस. बरोबर आहे, मीही केली नसती.

ऐक आता. दोन वर्षांपूर्वी दादा फ्रेमांच्या प्रदर्शनाला म्हणून इकडे आला होता, आठवतं? प्रदर्शन कसलं नि काय. मीच त्याला हॉस्पिटलात नेलं. ज्या हॉस्पिटलाने तुला बोलावलंय, तिथेच. डॉक्टर म्हणाले ते तू लिहिलंस तेच, मधला भाग झिजतोय. डावा जास्त, उजवा त्या मानाने बरा. गेलेलं परत येत नाही, पण ठार अंधारही होणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. दादा परत कधी आला नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याने मला शपथ घातली. दोन म्हातारे, शाळकरी पोरांसारखे गळ्याला चिमटा काढून. "माझ्या डोळ्यांबद्दल तिला एक अक्षर कळवायचं नाही. कळलं तर ती शिक्षण टाकून दुकानात येऊन बसेल." मी शपथ पाळली. डोळ्यांबद्दल लिहिलं का काही? तक्त्याबद्दल लिहिलं. तक्त्याची शपथ त्याने घातली नव्हती. त्याच्या ते लक्षात आलं असणार, म्हणूनच तो तुला तीन-तीनदा विचारत होता.

आता मी शपथ का वाकवली ते सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी शहरात यायला निघालो तेव्हा तुझे आजोबा मला सोडायला स्टँडवर आले होते. अंगात जाड स्वेटर. उकाडा मरणाचा, आणि हे स्वेटर घालून. मी चेष्टा केली, "अण्णा, बर्फ पडणारे का?" ते हसले. पाच महिन्यांनी तार आली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग कळलं की आजार वर्षभराचा होता. अंग इतकं वाळलं होतं की मला दिसू नये म्हणून स्वेटर. माझ्या आईला माहीत होतं, दादाला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं. एकट्या मला नव्हतं. माझी वाट मोकळी करून दिली असं त्यांना वाटत होतं.

भिंगरे, सत्तावीस वर्षं मी त्या स्वेटरची चेष्टा विसरू शकलो नाही. माहीत असतं तर मी राहिलो असतो का? बहुतेक आलोच असतो. पण बसमध्ये चढायच्या आधी त्यांना मिठी तरी मारली असती. दादाबरोबर मी पुढे नीट बोललो नाही ते यामुळे. भांडण असं नाही. पण "हं", "बरं", "ठेवू का?"

आणि आता दादा तेच स्वेटर तुझ्यासमोर घालून बसलाय. ते मला बघवलं नाही. तू ये किंवा राहा, मी दोन्हीला तयार आहे. पण जे करशील ते सगळं माहीत असताना कर.

काका


२७ मार्च

काका,

राग गेला. थोडा आहे, पण तो आल्यावर जिन्यात काढीन. म्हणजे आले तर.

तुमचं पत्र आलं तसं मी बाबांसमोर जाऊन बसले आणि सगळं बोलले. नवा तक्ता काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंयस का?" मला रडूच फुटलं.

मी म्हटलं, मी कुठे जात नाही. उद्यापासून काउंटरवर मी बसणार, आणि तुमचे डोळे यंत्राखाली घालणार. तर आवाज चढवून म्हणाले, "तू इथे थांबलीस तर मी हा नवा तक्तासुद्धा पाठ करीन. आठ दिवस लागतील मला. आणि गेलीस तर खरं वाचीन. दर महिन्याला, जे दिसेल तेवढंच. बोल!"

असला व्यवहार कधी ऐकलात? मी म्हटलं, ही दमदाटी आहे. ते म्हणाले, "आहे."

मग आई बाहेर आली. काका, आईला मी असं कधी बघितलं नव्हतं. ती बाबांना म्हणाली, "दोन वर्षं मी तुमचे डोळे झाले. गिऱ्हाईक आत शिरलं की नाव घेऊन हाक मारायची, का तर तुम्हाला कळावं. काचा चुकल्या तर चूक माझी. मी थकले आता." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू राहिलीस तर हा माणूस रोज सकाळी उठून तुला सगळं दिसतंय असं दाखवण्यात उरलेला जन्म घालवेल. तुझ्यासमोर त्याला आंधळा होता येत नाही. होऊ दे त्याला थोडा आंधळा." असं म्हणाली, आणि स्टूल घेऊन बाहेर गेली, वर चढली आणि "डोळे तपासून मिळतील" ही पाटी उतरवून आत आणून ठेवली. भिंतीला टेकवून. बाबा तिच्या आवाजाकडे बघत राहिले.

माझी एक वर्गमैत्रीण आहे, ती आठवड्यातून तीन दिवस येऊन तपासेल, काचाही तीच बसवेल. ती लगेच हो म्हणाली. म्हणजे दुकान चालेल. म्हणजे माझ्याकडे राहायला तेही कारण उरलं नाही.

आता एक सांगते, ते फक्त तुम्हाला. त्या दिवशी बाबा भिंतीवर नसलेली ओळ म्हणत होते ना, तेव्हा छाती फुटायची वेळ आली होती. पण त्याच क्षणी मला एकदम हायसंही वाटलं. सुटले, आता जायला नको, कारण मिळालं! बाबांचे डोळे जाताहेत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी त्या शहराला घाबरलेय. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

समोर दोन पाकिटं आहेत. एकात हो, एकात नाही. दोन्हींवर पत्ता तोच, तिकीट लावून झालंय. आजचं शेवटचं टपाल साडेचारला निघतं, ते चुकलं तर एकतीसला पोचत नाही. आत्ता चारला दहा कमी आहेत. बाबा पुढे फ्रेमा पुसताहेत, एकच फ्रेम तिसऱ्यांदा. आई आतून विचारतेय, "निघालीस का गं?" कुठे ते विचारत नाहीये.

दोन्ही पाकिटं घेऊन चालत जाते. पोस्टापर्यंत बारा मिनिटं लागतात.

भिंगरी


९ जुलै

भिंगरे,

अक्षर मोठं आलंय, कागद जास्त लागतील, त्याबद्दल बोलू नकोस. तू करून दिलेल्या पुठ्ठ्याच्या फटीतून लिहितोय. फटीत एक ओळ लिहायची, पुठ्ठा खाली सरकवायचा. ओळी सरळ आल्यात असं आई म्हणते. वेलांट्या फटीबाहेर जातात, त्यांना इलाज नाही.

दुकान ठीक आहे. तुझी मैत्रीण येते, बोलते फार, पण काम चोख. मी गिऱ्हाइकांना आता सरळ सांगतो, मला दिसत नाही, नाव सांगा. पहिले आठ दिवस जीभ रेटत नव्हती. आता लोकच बाहेरून नाव सांगत आत येतात. शाळेतल्या बाई येऊन गेल्या, काचा मीच उलट्या बसवल्या होत्या ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." सगळ्यांना सगळं वाटलेलंच होतं बघ.

काका पंधरा दिवस येऊन राहिला, त्याच्याकडून कळलंच असेल. स्वेटरबद्दल बोललो आम्ही. सत्तावीस वर्षांनी. निघायच्या दिवशी सकाळी त्याने दुकान झाडलं, मी नको म्हणत असताना. जुना तक्ता त्याच्याबरोबरच पाठवला, तो तुझ्या खोलीत लाव. मला त्याचा काही उपयोग नाही, पाठ आहे.

नवा भिंतीवर आहे. मी तो पाठ करीन या भीतीने आई दर महिन्याला अक्षरं बदलते. तुझ्याइतकं वळण नाही तिला, पण चालतं. आता लिहून घे. उजवा डोळा, वरून तिसऱ्या ओळीपर्यंत. चौथीतलं पहिलं अक्षर दिसल्यासारखं वाटलं, ते धरू नकोस. डावा, वरचं एकच अक्षर, तेही मान वळवून. मागच्या महिन्यात डाव्याची दुसरी ओळ अर्धी दिसली होती, ती या वेळी नाही. ऑगस्टमध्ये तिकडे तपासायला येतो, तुझ्या हॉस्पिटलात, यंत्राखाली. हे सगळं खरं वाचलंय. आई शेजारी उभी होती, विचार तिला.

आता तुझं. तुझी नऊ पत्रं आली. आई मोठ्याने वाचून दाखवते. पहिल्यात लिहिलंस, सगळं छान आहे, खोली छान आहे, कामावरचे लोक चांगले आहेत, जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी. दुसऱ्यातही तेच. परवाच्या नवव्यातही तेच, त्याच क्रमाने. आईने वाचायला सुरुवात केली आणि पुढचं मी म्हणून दाखवलं. एकदाही अडखळलो नाही.

भिंगरे, मी चाळीस वर्षं लोकांना त्या खुर्चीत बसवलंय. माणूस वाचतोय की म्हणतोय, ते मला आवाजावरून कळतं. मी माझं खरं सांगितलं. आता तू नीट बस आणि जेवढं दिसतंय तेवढंच वाच. वाईट असेल तर वाईट लिही. आम्ही इथेच आहोत.

बाबा